भीती उशिरा येते

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील."

मराठी घरात मुलगा पहिल्यांदा गाडीवर बसला की हे वाक्य त्याच्या पदरात पडतंच. मला ते वडिलांनी दिलं, १९८९ साली, चेंबूरच्या कॉलनीत, त्यांच्या चेतकवर. त्यांना बहुधा काकांनी दिलं असणार, सायकलवर. मी पुढची २९ वर्षं ते इमानेइतबारे पाळलं. उजवा पाय ब्रेकवर इतका तयार झाला की उजव्या हाताच्या बोटांशीही एक ब्रेक असतो, हे जवळजवळ विसरूनच गेलो.

वाक्य चुकीचं आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे झुकतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. खूप जोरात ब्रेक लागला तर मागचं चाक नुसतं सोबतीला असतं. चेतकवर या सल्ल्याला थोडाफार अर्थ होता, कारण चाकं इवलीशी, ब्रेक ड्रमचे, इंजिन मागे एका कुशीला. स्कूटर गेली, सल्ला मात्र राहिला.

गेल्या गणपतीत तोच सल्ला माझ्या बहिणीने तिच्या मुलाला दिला. मुलगा १९ वर्षांचा, गाडी केटीएमची ३९०, हप्त्यावर घेतलेली. "दादा, तू सांग रे त्याला. माझं ऐकत नाही. म्हणावं, जरा घाबरून चालव." भाचा शेजारीच मोदक खात बसला होता. म्हणाला, "मामा, तूच सांग आईला. घाबरतात ना, तेच पडतात."

गंमत म्हणजे भाच्याचं वाक्य बहिणीच्या वाक्यापेक्षा जास्त खरं आहे. ते का खरं आहे, एवढंच त्याला ठाऊक नाही. त्या संध्याकाळपासून मी या दोन वाक्यांमध्ये घुटमळतोय आणि फिरून फिरून लायसन्सच्या एका कायद्यापाशी येतोय.

आधी गाड्यांबद्दल. माझी पहिली स्वतःची गाडी आरएक्स १००, १९९४ मध्ये सेकंडहँड घेतलेली. ९८ सीसी, ताकद ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. ८० च्या वर गेली की हँडलमधून मनगटात मुंग्या चढायच्या, टाकी मांड्यांमध्ये थरथरायची, आरशातला मागचा टेम्पो धुरकट व्हायचा आणि सायलेन्सर असा बोंबलायचा की शेजारची गाडी आपणहून बाजूला व्हायची. वेगमर्यादेची पाटी वाचायची गरजच पडायची नाही, कारण गाडी स्वतःच घाबरायची आणि बसणाऱ्याला वेळेत कळवायची. त्या काळातली खरी जहांबाज गाडी म्हणजे राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५०, भारतात एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ताकद साधारण ३० बीएचपी. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. म्हणजे ताकद आणली आणि थांबवायचं साहित्य तिकडेच ठेवलं! लोकांनी 'आरडी'चा अर्थ 'रॅपिड डेथ' असा लावून टाकला. आमच्या कॉलनीत अशी एकच गाडी होती. तिचा मालक कुणालाही चावी देत नसे, सख्ख्या भावालाही नाही, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता भाच्याची गाडी. ताकद ४५ बीएचपीच्या आसपास, म्हणजे माझ्या आरएक्सच्या चौपट, आणि वजन दुपटीलाही पोचत नाही. ८० ला ती जांभई देते. १०० ला आरसा स्वच्छ, हँडल शांत, आवाज मवाळ, टायर रुंद. त्याच्या कितीतरी वर सुझुकीची हायाबुसा. जपानीत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. १३४० सीसी, १९० बीएचपीच्या घरातली ताकद, २६६ किलो. साध्या स्प्लेंडरची ताकद आठच्या आसपास धरली तर ही तिच्या तेवीस-चोवीसपट होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाड्या वेळेवर भीती घालायच्या आणि नव्या गाड्या ती उशिरा घालतात. ज्या निरोपांवर आमची पिढी शिकली, ती थरथर, तो आवाज, ते धाप लागलेलं इंजिन, ते सगळं इंजिनीअर लोकांनी मोठ्या मेहनतीने पुसून काढलं. त्यांचं चुकलं नाही, त्यांचं कामच ते. पण त्यामुळे भीती येते ती थेट रिक्षा आडवी आल्यावर, म्हणजे तिचा काही उपयोग उरलेला नसताना.

थोडा हिशेब करू. ६० च्या वेगात काहीतरी दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर त्यात गाडी १७ मीटर जाते. मग कोरड्या रस्त्यावर, ब्रेक नीट लावता येत असेल तर, थांबायला आणखी साधारण तेवढंच अंतर. एकूण ३५ मीटर. वेग १२० असेल तर त्या एका सेकंदात ३३ मीटर आणि थांबायला सुमारे ७०. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. शिवाजी पार्कात क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, तेवढं ते अंतर होतं. नव्या गाडीच्या सीटवर मात्र ६० आणि १२० यांच्यातला फरक कानात शिरणाऱ्या वाऱ्याइतकाच, आणि चांगलं हेल्मेट असेल तर तोही कमी.

यात मुंबईचा जून मिसळा. पहिल्या दोन-तीन सरींनी वर्षभर मुरलेलं तेल आणि धूळ वर येते, त्याचा साबण होतो. मेट्रोच्या कामावरचे लोखंडी पत्रे, वळणावरच उखडलेले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत रंग, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली चाक धरून ठेवणारी उभी फट. या शहरात दुचाकी चालवणारा प्रत्येक जण हे ओळखतो. पण ओळखणं वेगळं आणि त्या क्षणी हाताने बरोबर गोष्ट करणं वेगळं, हे मी फुशारकीने शिकलेलो नाही.

२०१८ चा जुलै. कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढत होतो. तोवर एक जुनी ६५० सीसीची गाडी घेऊन वर्ष झालं होतं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, एकदाही हाड मोडलं नाही, असं मी लोकांना आवर्जून सांगायचो. पाऊस थांबला होता, रस्ता निम्मा वाळलेला. एक डावं वळण मला वाटलं त्यापेक्षा आवळत गेलं, आणि समोरून एसटी आली.

पुढच्या दीड-दोन सेकंदांत मी काय काय केलं ते आजही ओळीने आठवतं. रेस एकदम सोडली. उजवा पाय मागच्या ब्रेकवर गेला, वडिलांच्या आज्ञेप्रमाणे. कोपरं लाकडासारखी ताठ झाली. आणि डोळे खिळले एसटीच्या पाटीवर. पाटीवर 'कल्याण' लिहिलं होतं. त्यातला विनोद तेव्हा कळण्यासारखा नव्हता. गाडी वळायची सोडून सरळ झाली आणि थेट त्या पाटीच्या दिशेने निघाली. एसटीच्या ड्रायव्हरने बस पार गटाराच्या कडेला घातली, म्हणून मी तिच्या अंगाला हातभर अंतर ठेवून निघालो. पुढे जाऊन गाडी लावली, तर पायात उभं राहायचं बळ नव्हतं. मागे बघितलं, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता.

"माझ्याकडं काय बघत हुता? रस्ता तिकडं हाय की!"

त्याने शिवी हासडली असती तर मी विसरून गेलो असतो. पण त्याने नेमकं निदान केलं होतं. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. वेगात चालवायला शिकवणाऱ्या शाळा या एका गोष्टीवर अख्खी सकाळ घालवतात. मी रेस झटक्यात सोडली म्हणून वजन पुढे पडलं आणि गाडी सरळ व्हायला लागली. हात आखडले म्हणून हँडल वळेना. डोळे पाटीवर, म्हणून सगळं शरीर पाटीकडे. काय करायला हवं होतं, तर नजर वळणाच्या शेवटाला, हात सैल, रेस जराशी धरलेली, आणि डावी मूठ पुढे ढकलून गाडी आणखी झुकवायची. झुकायला जागा होती का? घरी येऊन टायर बघितलं. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रुंद पट्टी नवी कोरी होती, वर्षभरात रस्त्याला कधी लागलेलीच नव्हती. रबरावरचे ते बारीक केस अजून तसेच.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. घाबरलेला माणूस राक्षसाकडे बघत राहतो, म्हणून राक्षस पाठ सोडत नाही. बहीण म्हणते तशी नुसती भीती घेऊन मुलगा रस्त्यावर गेला, तर आयत्या वेळी ती भीती त्याच्याकडून ज्या चार गोष्टी करवून घेईल त्या चारही उलट्या असतील. त्या अर्थाने भाचा बरोबर आहे, घाबरतात तेच पडतात. पण तो घाबरत नाही याचं कारण त्याला चालवता येतं हे नाही. त्याच्या गाडीने त्याला अजून काही सांगितलंच नाही, हे आहे.

आपल्या भाषेत या एका गोष्टीला बरेच शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आजोबांचा घरात धाक असायचा. म्हणजे आम्ही त्यांना बघून पळत नसू; ते यायच्या आधी रेडिओचा आवाज आपोआप कमी व्हायचा. धास्ती वेगळी, ती ऐन वेळी हातपाय गाळते. वेगवान गाडीचा धाक हवा, वळण यायच्या आधी रेस कमी करणारा. तो उपदेशाने येत नाही. ब्रेक कुठे संपतो, टायर कुठे सुटतं, हे मोकळ्या जागेत दोन-चारदा हाताला लागलं की येतो. कौशल्य आणि भीती या दोन टोकाच्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की ज्याला ब्रेक नीट लावता येतो, त्यालाच ब्रेकची खरी किंमत ठाऊक असते आणि तोच अलीकडे हळू होतो.

आता भाच्याला हे कुठे, कोणी आणि कधी शिकवायचं होतं? त्याला लायसन्सचं विचारलं. ड्रायव्हिंग स्कूलची १०० सीसीची गाडी, आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही. "किती वेळ लागला?" "रांगेत तीन तास, गाडीवर चाळीस सेकंद."

आठाला मी नावं ठेवणार नाही. हळू वेगात तोल सांभाळता येणं हे काम आहे, आणि दादरच्या फुलमार्केटसमोरून सकाळी गाडी काढायची तर आठाशिवाय गत्यंतर नाही. पण एक बारकी गोष्ट बघा. आठ काढताना डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे वळवतात. थोडा वेग आला की गोष्ट उलटी होते. डावीकडे झुकायला डावी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे. आपण सगळे हे नकळत करतोच, नाहीतर गाडी वळलीच नसती. पण जे नकळत येतं ते घाबरल्यावर पहिलं जातं. म्हणजे आपली परीक्षा ज्या वेगात होते, त्या वेगात गाडी वेगळ्या नियमाने चालते, आणि माणसं मरतात त्या वेगातला नियम कोणी एकदाही विचारत नाही.

आणि हो, ही परीक्षा पास झालेला १८ वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी हायाबुसावर बसू शकतो. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स एकच.

असं का आहे हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्या वेळी रस्त्यावर चेतक, बुलेट, हिरो होंडाची सीडी १००, आरएक्स १००, आणि सगळ्यात वरती ती ड्रम ब्रेकवाली राजदूत. पायऱ्या पाडाव्यात एवढा जिनाच नव्हता. जो होता तो पैशाने आणि गाडीच्या थरथरीने आपोआप पाडला होता. पुढे २००१ मध्ये पल्सर आली, २०१३ मध्ये ३९० आली, कर्जाचे हप्ते आले, आणि जिना उंच होत गेला. कायदा तळमजल्यावरच बसलेला आहे.

बरं, कायद्याला पायऱ्या माहीत नाहीत असंही नाही. ट्रक चालवायला वय २० लागतं, आणि त्याच्या शिकाऊ लायसन्सआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. १६ व्या वर्षी बिनगिअरची गाडी चालवता येते, पण ५० सीसीपर्यंतचीच. विमा घ्यायला जा. थर्ड पार्टीच्या हप्त्यात दुचाकींचे सीसीप्रमाणे चार गट आहेत. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि ३५० च्या पुढे २,८०४. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ लागलं की ब्रेक सेकंदात अनेकदा सोडून-धरून चाक फिरतं ठेवणारी यंत्रणा, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, खालच्यांना तेव्हा नाही. म्हणजे मोठी गाडी वेगळी आहे हे विम्याला कळलंय, ब्रेकचे नियम करणाऱ्यांना कळलंय. कळलं नाहीये ते फक्त लायसन्सला.

बाहेर बघितलं तर सिंगापूरमध्ये आधी २०० सीसीपर्यंत, वर्षभराने परीक्षा देऊन ४०० पर्यंत, आणखी वर्षभराने त्यापुढे. ज्या जपानमध्ये हायाबुसा तयार होते, तिथे ४०० सीसीच्या वर चालवायला वेगळं लायसन्स आहे. युरोपात मधल्या पायरीला ३५ किलोवॉटची, म्हणजे साधारण ४७ बीएचपीची मर्यादा आहे, आणि परीक्षेत ५० च्या वेगात आणीबाणीचा ब्रेक आणि अडथळा चुकवणं करून दाखवावं लागतं. भाच्याची ती ३९० पुण्याजवळ चाकणला बनते आणि तिथून युरोपात जाते. तिकडचा मुलगा तिच्यावर बसायच्या आधी ५० च्या वेगात ब्रेक मारून दाखवतो. चाकणपासून दीडशे किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माझ्या भाच्याने चाळीस सेकंदांत आठ काढला.

मुंबईने या प्रश्नावर दुसराच उपाय शोधलाय. पाटी. सी-लिंक २००९ मध्ये झाला, दुचाकीला बंदी. कोस्टल रोड आणि अटल सेतू २०२४ चे, दोन्हीकडे बंदी. जेजे उड्डाणपुलावर बंदी, पुण्याच्या एक्स्प्रेस-वेवर बंदी. यातल्या काही बंद्या मला पटतात. समुद्रावरच्या आडव्या वाऱ्यात हलक्या गाडीला उगाच कशाला घालायचं? पण बंदीने कोणी शिकत नाही. उरलेल्या रस्त्यांवर, कंटेनर आणि डंपरच्या मध्ये, तोच न शिकलेला मुलगा जास्त दाटीने जातो. रात्री वांद्र्याला आणि मरीन ड्राइव्हला शर्यती लागतात, नाकाबंदी होते, गाड्या जप्त होतात, पोरं सुटतात. नंतर कोणी मेलंच तर पंचनाम्यात ठरलेले शब्द येतात, 'भरधाव वेगाने, हयगयीने'. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात अपघाती मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. माझा या रकान्यावर फारसा विश्वास नाही. त्या खात्यात १४० ने जाणारा येतो आणि ५५ ला घाबरून चुकीचा ब्रेक दाबणाराही येतो. हयगय लिहायला सोपी असते, अज्ञानाला रकाना नसतो.

आता माझ्याविरुद्धची बाजू, जी कमजोर नाही. त्याच अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले ५०,०२९. ही माणसं काही हायाबुसावर नव्हती. बहुतेक जण १०० ते १२५ सीसीवर, कामाला जाताना किंवा परत येताना. मूठभर महागड्या गाड्यांसाठी कायदा बदलण्यापेक्षा या लोकांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पायाखाली धड रस्ता द्या, असं कोणी म्हणालं तर मी मान खाली घालतो. फक्त एवढं म्हणतो की ब्रेकची परीक्षा त्यांचीही होत नाही. ५० च्या वेगातला ब्रेक प्रत्येक दुचाकीच्या परीक्षेत आणला तर त्याचा पहिला फायदा स्प्लेंडरवाल्यालाच होईल. ताकदीच्या पायऱ्या ही त्यानंतरची गोष्ट. आणि आईच्या स्कूटरवर शिकलेल्या मुलासाठी २०० सीसीची गाडीच सुपरबाईक असते.

दुसरा आक्षेप प्रत्येक मुंबईकर घेईल. पायऱ्या वाढल्या की एजंटचा दर वाढेल, बाकी काही नाही. शक्य आहे. म्हणून पायरीची तपासणी रस्त्यावर नको, शोरूममध्ये हवी. गाडी ज्याच्या नावावर होणार त्याच्या लायसन्सवर तो वर्ग नसेल, तर नोंदणीच होऊ नये आणि विमाही निघू नये. बापाच्या नावावर घेऊन मुलगा चालवेल, हेही कळतं. पण मग अपघात झाला की विम्याचा प्रश्न बापाच्या दारात येतो, आणि मराठी बाप पैशाच्या गोष्टीला कायद्यापेक्षा जास्त भितो. (मी बाप आहे, मला माहीत आहे.)

तिसरा आक्षेप जुन्या रायडर मंडळींचा, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. अर्धवट शिकवलं की माज येतो. एक दिवसाचा कोर्स, एक सर्टिफिकेट, आणि पोरगा वळणात झुकून रस्त्याला गुडघा टेकवायला घाटात. असे दोघे-तिघे मीही बघितलेत. आणि शिकलेल्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, अंगावर सगळी साधनं असताना, १३ वर्षांचा एक गुणी रेसर शर्यतीत मरण पावला. ट्रॅकने धोका नाहीसा होत नाही. म्हणून शिकवायचं काय, हे महत्त्वाचं. गाडी किती झुकते हे दाखवणाऱ्या कोर्सपेक्षा ती थांबायला किती जागा खाते हे दाखवणारा कोर्स मला हवा. त्याला ट्रॅक लागत नाही. रविवारी सकाळी दोन तास बंद ठेवलेला वांद्रे-कुर्ला संकुलातला एखादा रस्ता पुरतो, किंवा आरटीओचं तेच मैदान, जिथे आज आठ काढतात.

पायऱ्यांनी चढणं आपल्याला काही परकं नाही. लालबाग-परळच्या कोणत्याही गोविंदा पथकाचा सराव बघा. गुरुपौर्णिमेपासून संध्याकाळी गल्लीत रिंगण लागतं. चार थर पक्के बसल्याशिवाय पाचवा लावत नाहीत, आणि खालच्या थरातल्या कोणाचा खांदा दुखतोय कळलं तर त्या दिवशी वरचा थर रद्द. वर चढणाऱ्याला आधी पडायला शिकवतात, म्हणजे कसं सुटायचं आणि झेलणाऱ्यांच्या हातात कसं यायचं. तिथे कोणी 'घाबरून चढ' म्हणत नाही आणि 'मी घाबरत नाही' म्हणणाऱ्याला वर पाठवत नाही. दहीहंडीच्या दिवशी मात्र तीच पोरं ट्रिपल सीट, विनाहेल्मेट, सिग्नल तोडत हंडीकडे निघतात, हा भाग वेगळा.

आम्ही मामा-भाच्याने मागच्या महिन्यात एक रविवार काढला. खारघरला सकाळी सहाला एक रुंद रस्ता सामसूम असतो. रस्त्यावर खडूने रेघ ओढली. ४० ने यायचं, रेघेवर ब्रेक, थांबशील तिथे मी पावलं मोजणार. पहिल्या फेरीला तो नुसता मागच्या ब्रेकवर थांबला, आईचा सल्ला, २६ पावलं. मग दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, आधी हळूच दाबून टायरला बसू द्यायचं आणि मग वाढवत न्यायचं. २२, १९, पुन्हा २१, १६. हेल्मेटमधून त्याचा घामेजलेला चेहरा दिसत होता आणि गप्पा बंद झाल्या होत्या. बाराव्या फेरीला त्याने पुढचा ब्रेक खरोखर आवळला. गाडीचं नाक खाली गेलं, टायर किरकिरलं, आणि ऐन मधे त्याने ब्रेक सोडूनच दिला. गाडी पुढे वाहत गेली. वळून आला तो पांढराफटक.

"मामा, ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे. लिव्हर बोटांखाली थरथरत होता."

"बिघाड नाही. एबीएस होता तो."

सात महिने गाडी त्याच्याकडे आहे. त्याने लिव्हरकडे बघितलं, मग रेघेकडे.

"म्हणजे सोडायचा नव्हता?"

"नाही. जा, परत ये."